रानभाजी ‘रसायनमुक्त’ नसते. ती कशी करायची तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या पुरवणीत रानभाज्यांचे लेख येऊ लागतात. यंदाही आले. टाकळा, कुर्डू, भारंगी, पाथरी, चिघळ, सगळ्यांचे ठसठशीत फोटो आणि सोबत कृती. मी हे लेख कापून ठेवते. आमच्या घरात या भाज्या अजून होतात, आणि ज्या घरांतून त्या गेल्या तिथे त्या परत याव्यात असे मला मनापासून वाटते. म्हणूनच या लेखांतल्या दोन गोष्टी खटकतात. जवळजवळ प्रत्येक लेखात रानभाजी ‘पूर्णपणे रसायनमुक्त’ असल्याचे म्हटलेले असते, आणि प्रत्येक भाजीपुढे लोह इतके मिलिग्रॅम, कॅल्शियम इतके, असा एकेक ठाम आकडा असतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मला हे दोन्ही दावे चुकीचे वाटतात, आणि पहिला तर काही जणांच्या प्रकृतीवर बेतू शकतो.

रानभाजीवर फवारणी झालेली नसते, तिला युरिया घातलेला नसतो, एवढेच लेखकाला म्हणायचे असते हे समजते. पण वाचणारा त्यातून वेगळेच घेऊन जातो. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना मूतखड्याचा जुना त्रास आहे. ते रोज सकाळी पालक आणि चिघळ कच्चीच मिक्सरला लावून पेलाभर रस प्यायचे. ‘निसर्गाचंच आहे, त्याचा कसला अपाय?’ असे त्यांचे म्हणणे. या दोन्ही भाज्यांत ऑक्झलेट, म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाचे क्षार, भरपूर असतात आणि बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. न शिजवता, पाणी न काढता, रोज रिकाम्या पोटी. त्यांच्या डॉक्टरांनी खडसावले तेव्हा कुठे ते थांबले. हा रस प्यायची कल्पना त्यांनी कुठून तरी वाचूनच घेतली होती, आणि जिथे वाचली तिथे मूतखड्याचा उल्लेख नव्हता.

वनस्पतीला पळता येत नाही. अळी आली, गुरे आली, बुरशी लागली तरी जागेवर उभे राहूनच तिला जीव राखावा लागतो. त्यासाठी ती कडू, तुरट, आंबट, खाजरी द्रव्ये तयार करते. अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हिशेब मांडला होता, की तिथल्या माणसाच्या आहारातून पोटात जाणाऱ्या एकूण कीडनाशक द्रव्यांपैकी वजनाने ९९.९९ टक्के द्रव्ये वनस्पतींनी स्वतःच बनवलेली असतात. यावरून शेतातली फवारणी निर्धोक ठरत नाही, हेही लगेच सांगते. काही कंपन्यांचे प्रतिनिधी हा आकडा त्या कामासाठी वापरतात ते मला पटत नाही. भाज्या विषारी असतात असाही त्याचा अर्थ नाही. एवढेच, की रसायनाशिवायची हिरवी पालेभाजी या पृथ्वीवर उगवत नाही.

आपल्याकडची हरभऱ्याची भाजी घ्या. थंडीत कोवळा पाला खुडतात आणि जुनी माणसे तो धुऊ देत नाहीत, धुतला की चव जाते म्हणून. ती चव पानावरच्या आंबेची. मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही दोन आम्ले पानांवरच्या बारीक केसांतून पाझरतात. घाटेअळीला ती मानवत नाहीत. आणि ही आंब सगळ्या वाणांत सारखी नसते; ज्या वाणांत जास्त, त्यांना अळीचा उपद्रव कमी, असे संशोधकांना दिसले आहे. म्हणजे एकाच पिकात, एकाच शिवारात, दोन शेजारच्या वाफ्यांतला पाला रसायनाच्या दृष्टीने सारखा असेल याची खात्री नाही. मग सगळ्या महाराष्ट्रातल्या टाकळ्याला एकच आकडा कसा लावणार?

माणूस शेती करू लागला तेव्हापासून तो कडू, खाजरे झाड बाजूला सारत आला आणि गोड, बिनखाजऱ्या झाडाचे बी-कंद पुढे नेत आला. परसातले काळ्या देठाचे वडीचे अळू आणि ओढ्याकाठी आपोआप माजलेले रानअळू यांत हा फरक जिभेला, खरे तर घशाला, लगेच कळतो. दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. त्या पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून वडीच्या अळवालाही चिंच लागते, आणि रानअळू आणले तर चिंचेचा हात सैल सोडून बराच वेळ शिजवावे लागते. पण वाण गोड झाला म्हणून जुना गुण कायमचा गेला असेही नाही. दुधी भोपळा हे त्याचे उदाहरण. शेकडो पिढ्या निवडून गोड केलेला दुधी मधूनच एखाद्या वेलावर कडूजहर निघतो, कारण त्यात कुकरबिटॅसिन हे कडू विषारी द्रव्य पुन्हा वाढलेले असते. त्याचा रस पिऊन आपल्या देशात मृत्यू झाले आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा दुधीचा रस पिऊ नये असा स्पष्ट सल्ला दिलेला आहे. माझ्या सासूबाई दुधी चिरताना देठाकडची फोड आधी चाखायच्या. काकडीचीही. ती सवय मी सोडलेली नाही आणि सुनेलाही लावली आहे.

आता त्या आकड्यांकडे येते.

पालकात ऑक्झलेट किती, असे विचारले तर पुस्तकात शंभर ग्रॅमला काही शेकड्यांपासून ९०० मिलिग्रॅमच्या पुढेपर्यंत वेगवेगळे आकडे सापडतात. त्यातला कुठलाही खोटा नाही. अमेरिकेत पालकाच्या शेकडो वाणांची एकत्र तपासणी झाली तेव्हा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत जवळजवळ दुपटीचे अंतर निघाले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की परदेशी पुस्तकातला पालक आणि आपल्या शेतातला पालक या बऱ्याचदा दोन निराळ्या वनस्पती असतात. ‘ऑलग्रीन’, ‘पुसा ज्योती’ हे आपल्याकडचे पालकाचे प्रसिद्ध वाण बीटाच्या जातीतले आहेत. परदेशात ज्याला पालक म्हणतात ते झाड वेगळे. इंटरनेटवरून त्याचा तक्ता उचलून आपल्या पेंढीला चिकटवला की झाले, असे होत नाही. मेथीत उलट ऑक्झलेट अगदी थोडे. खड्याच्या रुग्णाला ‘पालेभाजी बंद’ असे सरसकट सांगण्यापेक्षा ‘मेथी खा, पालक-चाकवत-चिघळ बेताने आणि नीट शिजवून’ असे सांगता येते, पण त्यासाठी भाजी-भाजीतला फरक सांगावा लागतो.

आणि शिजवणे म्हणजे काय, तेही. ऑक्झलेटचा बराचसा भाग पाण्यात विरघळणारा असतो. भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले तर त्यातला मोठा वाटा निघून जातो. कधी निम्म्याहून जास्त. नुसत्या वाफेवर शिजवली तर तितका जात नाही. यात थोडे जीवनसत्त्व क पाण्याबरोबर जाते हे खरे, पण ज्याला खडा होतो त्याने तेवढे सोसावे. आता आपल्याकडचा ताकातला चाकवत आठवा. चाकवतात ऑक्झलेट भरपूर. तो उकडून, घोटून, बेसन लावून ताकात करतात. ताकातल्या कॅल्शियमशी ऑक्झलेट आतड्यातच बांधले जाते आणि रक्तात, तिथून मूत्रपिंडात, कमी उतरते. आमच्या आजीने हे काही प्रयोगशाळेत पाहिले नव्हते. पण चाकवताची भाजी ताकाशिवाय पानात आली तर तिला ते चालत नसे. आपल्या पुरवणीत मात्र मध्यंतरी चाकवताच्या ‘स्मूदी’ची कृती आली होती, कच्च्या पानांची. चाकवत तोच, पण त्याला घेरून असलेली सगळी रीत काढून टाकलेली.

नायट्रेटची, म्हणजे मातीतल्या नत्राच्या क्षाराची, गोष्ट तर ऊन-पावसाची आहे. मुळांनी ओढून घेतलेले नायट्रेट पानात येते आणि उजेडात त्याचे प्रथिनांकडे रूपांतर होत जाते. उजेड कमी पडला की ते पानात, विशेषतः देठात, साठून राहते. म्हणून एकाच वाफ्यातला पालक दिवसभराच्या उन्हानंतर संध्याकाळी कापला तर त्यात नायट्रेट कमी असते, पहाटे कापला तर जास्त. युरोपीय संघाच्या कायद्यात लेट्यूससाठी हिवाळ्याची मर्यादा वेगळी आणि उन्हाळ्याची वेगळी आहे, ती याच कारणाने. ताज्या पालकाला किलोमागे ३,५०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आता आपला कोल्हापूर जिल्हा बघा. आषाढात गगनबावड्यात दिवसेंदिवस सूर्यदर्शन होत नाही, तेव्हा शिरोळकडे अधूनमधून लख्ख उघडीप असते. गगनबावड्याकडे जांभ्याची तांबडी जमीन, शिरोळकडे काळी, आणि उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेले पट्टे. त्या क्षारपडातही चिघळ जोमाने येते. दोन्हीकडची चिघळ लक्ष्मीपुरीच्या बाजारात एकाच टोपलीत दिसेल, पण आत तीच असेल असे मी छातीठोक म्हणणार नाही. शिवाय रानातले म्हणजे नायट्रेट कमी, हाही भ्रम आहे. काटेमाठ, तांदुळजा, चाकवत यांना उकिरड्याची, गोठ्यामागची जागा फार आवडते, आणि अशा जागी युरियाचा दाणा न पडताही नायट्रेट भरपूर असते.

हे वाचून कुणी पालेभाजी सोडू नये. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००८ मध्ये सगळा विचार करून भाज्यांचा फायदाच मोठा आहे असा निष्कर्ष दिला. भाजीतले नायट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइड होऊन रक्तदाब थोडा उतरवते, असेही प्रयोगांत दिसले आहे. जपायचे ते तान्ह्या बाळांना. पालक शिजवून, गाळून केलेली पेज दुपारपर्यंत ओट्यावर ठेवून परत भरवायची नाही, कारण जिवाणू त्यातल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि ते बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करते. माझ्या मते ही एक ओळ कुठल्याही पालक-कृतीखाली छापायला हवी.

लोहाबद्दल थोडेसे, कारण मुलींच्या रक्तक्षयामुळे हा आकडा सर्वांत जास्त वाचला जातो. आपल्याकडच्या जुन्या पोषण-तक्त्यांत पालकाचे लोह शंभर ग्रॅमला ११ मिलिग्रॅमच्या आसपास होते. पुढच्या आवृत्तीत ते जेमतेम १ वर आले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये देशाच्या सहा भागांतून नमुने गोळा करून ५२८ अन्नपदार्थांचे नवे तक्ते काढले, त्यात ते ३ च्या जवळ आहे. यात जुनी पद्धत आणि नवी पद्धत यांचा फरक आहे, वाणाचा आहे, आणि पानाला चिकटलेल्या मातीचाही आहे. आपल्या पश्चिम भागातल्या तांबड्या मातीत लोह खच्चून भरलेले असते. पावसाच्या थेंबांनी उडालेली माती पानाच्या पाठीवर बसते आणि तीन पाण्यांनी न धुतलेला नमुना प्रयोगशाळेत गेला तर मातीचे लोह भाजीच्या नावावर जमा होते. ते शरीराला फारसे लागत नाही. त्या २०१७ च्या तक्त्यांत बहुतेक सरासरींशेजारी अधिक-उणे चिन्ह देऊन फरक किती हे छापलेले आहे. आपल्या पुरवणीत येताना ते चिन्ह गळून पडते. आणि लाल माठ लाल आहे म्हणून त्यात रक्तवाढीचे लोह जास्त, हेही कृपया छापू नका. तो लाल रंग बीटामध्ये असतो त्या वर्गातल्या बीटालेन रंगद्रव्याचा आहे. लोहाशी त्याचा संबंध नाही. माठ हिरवा असो वा लाल, वर लिंबू पिळून खाल्ला तर लोह अंगी लागायला मदत होते, हे मात्र खरे.

आता टाकळा. मृगाच्या पहिल्या सरीनंतर दोन-चार पानांवर आलेला टाकळा खुडायचा, ही आपल्याकडची रीत. सोनामुखी ज्या गणातली, टाकळाही त्याच गणातला. त्यात पोट साफ करणारी अँथ्राक्विनोन वर्गातली द्रव्ये असतात. कोवळेपणी तो सोसतो. कपिलतीर्थ मार्केटबाहेर पन्हाळा-गगनबावड्याकडून येणाऱ्या मावश्या बसतात, त्यांच्यातली एक माझ्या ओळखीची झाली आहे. श्रावणात मी टाकळा मागितला तर म्हणाली, ‘बाई, आता नगा घेऊ. जून झालाय, पोटात ढवळंल. त्यापरास कुर्डू न्या.’ विकायला बसलेली बाई आपलाच माल नको म्हणते, कारण गिऱ्हाइकाच्या पोटाचे तिला माहीत आहे. हे ज्ञान लेखात येत नाही. लेखात टाकळा ‘पावसाळाभर उपलब्ध’ असतो.

टाकळ्याच्या बाबतीत ओळखीचाही प्रश्न आहे. त्याचाच भाऊबंद कासविंदा रस्त्याकडेला, पडक जागेत उगवतो. टाकळ्याच्या पानाला बहुधा तीन जोड्या, टोकाशी गोलसर आणि बुडाशी निमुळत्या. कासविंद्याला बहुधा चार-पाच जोड्या, टोकदार, आणि चुरगळले तर उग्र वास. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना मेंदू, यकृत आणि स्नायूंवर एकदम आघात करणारा एक आजार वर्षानुवर्षे होत होता आणि तो विषाणूचा समजला जात होता. डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिले की ती मुले खेळताना कासविंद्याच्या शेंगांतले दाणे खात होती. शहरात वाढलेली, फोटो बघून टाकळा शोधायला निघालेली तरुण मुले मला दिसतात. त्यांचा उत्साह मला आवडतो. पण पुरवणीतल्या फोटोत पानांच्या जोड्या मोजता येतील असा फोटो असावा, शेजारी फसव्या झाडाचाही असावा. भाजी हातात धरून हसणाऱ्या पाहुण्यांचा फोटो त्या जागी उपयोगाचा नाही.

कृषी विभागातर्फे ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरतात, ते चांगलेच आहे. तिथे पाककृतींची स्पर्धा असते. माझी सूचना अशी, की तिथे भाजी आणणाऱ्या बायकांना बसवून एकेक भाजीची पूर्ण रीत लिहून घ्यावी : कुठल्या नक्षत्रापर्यंत खुडायची, पान खायचे की देठ, किती पाणी टाकायचे, भारंगी उकडून पिळायची की नाही, शेवळाबरोबर काय आंबट घालायचे, बाळंतिणीला कुठली द्यायची नाही. पाककृतीतला मसाला बदलला तरी चालेल. पाणी पिळून टाकायची पायरी वगळून चालणार नाही. पिझ्झावर पेरलेली भारंगी मी पाहिली आहे, आणि करणाऱ्या मुलीला ती आधी उकडायची असते हे ठाऊक नव्हते. तिला दोष देत नाही. तिने वाचलेल्या कृतीत ते नव्हतेच.

दुसरी सूचना शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला आणि इथल्या कृषी महाविद्यालयाला, आपल्यामार्फत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प हवेच असतात. एकच भाजी घ्यावी, समजा कुर्डू किंवा चिघळ. गगनबावड्याच्या जांभ्यावरची, शिरोळच्या क्षारपडातली, आणि बाजारातल्या टोपलीतली. कोवळी एकदा, जून एकदा. कच्ची, आणि आपल्या घरात होते तशी शिजवलेली. ऑक्झलेट आणि नायट्रेट मोजायला फार महागडी यंत्रे लागत नाहीत. ऑक्झलेटचे परमँगनेटने अनुमापन तर बारावीचा विद्यार्थी प्रयोगवहीत करतो. असे आकडे आले तर ते आपल्या जिल्ह्याचे असतील आणि त्यांच्याशेजारी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे लिहिता येईल.

तोवर आपल्या लेखांत एवढे बदल करावेत अशी विनंती. ‘रसायनमुक्त’ ऐवजी ‘बिनफवारणीची’ लिहावे, तेही खरे असेल तिथे; उसाच्या बांधावरचा तांदुळजा तणनाशकातून सुटलेला असतोच असे नाही. आकडा दिला तर तो कच्च्या भाजीचा की शिजवलेल्या, आणि कुठल्या तक्त्यातला, हे सांगावे. मूतखडा असणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवायची गोळी घेणारे यांच्यासाठी एक ओळ असावी. अशी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजी टाळायची नसते, रोज साधारण सारख्या प्रमाणात खायची असते, कारण तिच्यातल्या जीवनसत्त्व के मुळे गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो.

सासूबाईंनी सांगितलेल्या आणि बाजारातल्या मावश्यांकडून ऐकलेल्या रीती मी एका वहीत उतरवत आले आहे, भाजीवार. त्यात कुठली कोवळीच खावी, कुठलीचे पाणी टाकावे आणि कुठलीला ताक-चिंच-आमसूल लागते हे वेगळे लिहिले आहे. पुरवणीच्या कामाला येणार असेल तर झेरॉक्स काढून कार्यालयात आणून देईन. छापण्यापूर्वी आपल्या वार्ताहराने बाजारातल्या त्या मावश्यांकडून एकदा तपासून घ्यावे. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळते, आणि लेखाखाली नाव त्यांचे यावे.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर